हद्दीबाहेरच्या साळवेबाई

गरोदर बाई दिसली की साळवेबाई तिच्या तोंडाकडे बघतच नसत. आधी पाय. लग्नाचा मांडव असो, एसटीचा थांबा असो, नाहीतर भिगवणच्या बाजारातली मासळीची ओळ असो, बाई सरळ उकिडव्या बसायच्या, समोरचीची साडी घोट्याच्या वर चार बोटं सरकवायच्या आणि नडगीवर अंगठा दाबून धरायच्या. अंगठा उचलला की तिथं खळगा राहतो का ते बघायचं. राहिला तरच मान वर करून विचारायचं, "नाव काय गं तुझं?"

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, इंदापूरला आमच्या नात्यातल्या एका लग्नात. माझ्या वहिनीला दिवस गेलेले होते. जरीची साडी नेसून ती खुर्चीवर ऐसपैस बसली होती आणि आत्या तिला वारा घालत होती. एवढ्यात कडक इस्त्रीच्या सुती साडीतली, बुटकी, सावळी बाई आली आणि वहिनीच्या पुढ्यात खालीच बसली. वहिनी घाबरून पाय मागे घेत म्हणाली, "अहो, तुम्ही मोठ्या. पाया काय पडताय?"

"पाया पडत नाही, पाय बघतेय. कधीपासून सुजलेत?"

"पहिलटकरणीचं पाय सुजायचंच," आत्या म्हणाली. "व्हतं असं."

बाई उठल्या. पुढे कितीतरी वेळा मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "बाईच्या बाबतीत 'होतं असं' हे पहिल्यांदा ज्यानं म्हटलं ना, तो मला एकदा भेटला पाहिजे."

आत्या चिडली. मी वहिनीची बाजू घेऊन आत्याशी भांडायला लागले. तिकडून बाईंचे वडील, आबा, आले. ते भिगवणला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले होते आणि नवरदेवाच्या वडिलांचे जुने सोबती होते. त्यांनी छप्पन्नच्या पाठोपाठ धम्म घेतलेला, आणि त्या दिवसापासून कुणापुढं वाकायचं नाही असं ठरवलेलं. पोरगी भर मांडवात कुणाच्या तरी पायाशी बसलेली पाहून त्यांचा चेहरा उतरला होता. "सुमे, लोकांच्या पाया पडायचं सोडून आपल्याला जमाना झाला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तू येवढी डॉक्टर झालीस आन् परत वाकतीस व्हय?"

"आबा, पाया पडताना मान खाली जाते. माझी गेली का, तेवढं सांगा."

आबांनी खरंच तिच्या मानेकडं बघितलं आणि पंगतीला जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी, शेळगावला, बीपीचं मशीन घेऊन हजर. वहिनीचं बीपी वाढलेलं निघालं. तिचं बाळंतपण पुढं बारामतीला नीट झालं, आणि तेव्हापासून आत्या ती आपलीच सूचना होती असं सांगत आली आहे. जाता जाता बाई मला म्हणाल्या, "काल भांडत होतीस ती तूच ना? कॉलेज झालंय? मग माझ्याकडं कामाला ये. लिहिणारे पुष्कळ मिळतात, भांडणारं माणूस मिळत नाही." अशी मी साळवेबाईंच्या संशोधनात शिरले. ही नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट.

संशोधन म्हटलं की लोकांना पांढरी भिंत आणि काचेची कपाटं आठवतात. आमचं संशोधन ओट्यावर चालायचं. पोटुशी बाईचं बीपी वाढतं, पण कुणाचं वाढतं, कधी वाढतं आणि त्यातल्या कुणाला झटके येतात, हे बाईंना आपल्याच भागात शोधायचं होतं. आमच्याकडं हा आजार आहे हेच कुणाला मान्य नव्हतं. पाय सुजले तर पोटात मुलगी आहे, डोकं दुखलं तर ऊन लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली तर रक्त कमी आहे, आणि झटका आला की मग बाहेरचं काहीतरी लागलं. या सगळ्या गोष्टी एकाच बाईला एकामागून एक होत असायच्या, पण त्या एकत्र करून बघणारं घरात कुणी नसायचं. बाई म्हणायच्या, "ही बाई अचानक गेली असं म्हणू नका. ती किती दिवस जात होती आणि तुम्ही जेवत होता."

असं तोंडावर बोलायच्या. त्यामुळं काही घरांतून आम्हाला चहा मिळायचा, काही घरांतून नुसतं पाणी, आणि एका घरातून बाईंना वेगळ्या कपातून चहा मिळाला. बाईंनी तो शांतपणे प्यायला. मग त्या घरातल्या म्हातारीच्या दंडाला पट्टा बांधला, पारा बघितला आणि म्हणाल्या, "आज्जी, कप धुऊन ठेवा आणि मीठ कमी करा. तुम्हाला मी दर महिन्याला बघायला येणार." आणि दर महिन्याला गेल्या. म्हातारीनं शेवटी कपांची भानगड सोडून दिली, बहुधा लक्षात ठेवायचा कंटाळा आला म्हणून.

बीपीबरोबर लघवीही तपासायची असे. परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. मूत्रपिंडावर ताण आला असेल तर ती नासलेल्या दुधासारखी फुटते. एकदा शेळगावातच एका सासूनं भरलेली बाटली आमच्या हातात ठेवली. बाईंनी विचारलं, "सून कुठं हाय?"

"रानात हाय की सकाळधरनं."

"मग बाटली कुणी भरली?"

"मीच. तिला कशाला तरास? येकाच चुलीचं खातो, येकाच हिरीचं पाणी पितो. फरक काय पडतो?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना दिवा विझवावा लागला. "मावशी, मग पोरगंबी तुमीच काढा," म्हणाल्या, आणि उसाच्या सरीतून चालत थेट सुनेपर्यंत गेल्या.

बाईंची खरी ताकद ही होती. पुण्याच्या लोकांशी त्या पुण्याचं बोलत, इंग्रजीत वाद घालत; आणि ओट्यावर बसल्या की भिगवणच्या रेल्वे चाळीतली सुमी होऊन बोलत. तपासून झालं की घरच्यांना सांगायची त्यांची एक पद्धत होती. "ठोकं हायत. बाळ हालतंय. रगत हाय. समदं हाय." हे 'समदं हाय' ऐकायला बाया वाट बघत बसायच्या. डॉक्टर आपल्यासारखं बोलते याचं त्यांना फार अप्रूप होतं, आणि बाईंना त्याचा अभिमान होता. तो अभिमान लपवायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही.

या कामाला पुण्यातल्या एका मोठ्या डॉक्टरांचा आधार होता. आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो. जीप त्यांची, मशीन त्यांचं, माझा पगारही त्यांच्याकडून यायचा. सर वाईट नव्हते, व्यवस्थित होते. कोणती गावं घ्यायची ते त्यांनी नकाशावर रेघ मारून ठरवलं होतं, आणि त्या रेघेला ते हद्द म्हणत. त्यांचा एक नियम होता: जी बाई बाळंतपणाआधी हद्दीबाहेर जाईल तिला वगळायचं.

पुण्यात बसून हा नियम अगदी सरळ वाटतो. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी माहेरी निघाली, आणि माहेर बहुतेक वेळा हद्दीबाहेरच. बीपी वाढून झटके येण्याची भीती सगळ्यात जास्त असते ती पहिलटकरणीला. म्हणजे ज्यांच्यासाठी सगळं काढलं त्या पोरी ऐन भीतीच्या महिन्यांत वगळायच्या, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या धडधाकट बायांचं बीपी मोजत बसायचं. बाईंनी सरांना हे परोपरीनं सांगितलं. सर म्हणाले, "प्रत्येकीच्या मागं किती फिरणार? अभ्यासाला कुठंतरी कुंपण लागतं."

"कुंपण लागतं, मान्य. पण मूल जन्मतं कुंपणाच्या बाहेर," बाई म्हणाल्या. सरांनी जीप हद्दीबाहेर न्यायला मनाई केली. मग बाई माहेरवाशिणींकडं एसटीनं जायला लागल्या, मांडीवर मशीन घेऊन. कंडक्टर त्या पेटीचंही अर्धं तिकीट मागायचा आणि बाई त्याच्याशी भिगवण येईपर्यंत भांडायच्या.

संगीता ही अशीच माहेरी गेलेली. सासर पळसदेवचं, माहेर भिगवणच्या पलीकडं एका वस्तीवर. तिच्या माहेरची माणसं मूळची उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावची. धरण झालं तेव्हा उठून इथं आलेली. संगीता हसरी होती, पट्टा बांधला की तिला गुदगुल्या व्हायच्या. "जरा गप बस, पारा नाचतोय," असं बाईंना दर वेळी तिला सांगावं लागायचं. सासरी तिचं बीपी ठीक होतं. माहेरी आम्ही गेलो तेव्हा ते वाढलेलं लागलं. तिथल्या तिथं उचलून न्यावं इतकं नाही, पण सोडून द्यावं असंही नाही. बाईंनी तिच्या आईला, ताराबाईंना, नेहमीच्या पद्धतीनं सांगितलं, "ठोकं हायत. बाळ हालतंय. बीपी हाय. येत्या बाजारच्या दिवशी भिगवणला घिऊन या, परत मोजू."

ताराबाई म्हणाल्या, "बरं, बरं."

बाजारच्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच सकाळी चुलीपुढं बसलेल्या संगीताला झटका आला. दातखीळ बसली. घरच्यांनी आधी लिंबू उतरवला, अंगारा लावला. दुसरा झटका आला तेव्हा कुणीतरी साळवेबाईंचं नाव काढलं, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून तिला बारामतीला आणलं. आम्हाला निरोप मिळाला. बाई पोचल्या तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलेलं होतं, जे करायचं ते सगळं चाललं होतं. पोटातलं बाळ आधीच गेलं होतं. दुपारी संगीता गेली.

व्हरांड्यात ताराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि आवाज चढवून म्हणाल्या, "बाजारच्या दिवशी घेऊन या म्हटलं होतं ना मी? का नाही आणलं?"

ताराबाईंनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. "तुमीच म्हणला की, बीपी हाय म्हून. ठोकं हायत, बीपी हाय. समदं हाय म्हणल्यावर पोरीला उन्हाची कशाला हिंडवायची? म्हणलं, नेऊ पुढल्या बाजाराला."

मला समजायला क्षण लागला. बाईंना लगेच समजलं. डॉक्टरांच्या इंग्रजीतला हाय म्हणजे जास्त. आमच्याकडं हाय म्हणजे आहे. ठोके आहेत, हालचाल आहे, तसं बीपीही आहे. असायला पाहिजे ते सगळं पोरीजवळ आहे, असं त्या माउलीनं ऐकलं होतं, आणि तिच्या भाषेत त्या वाक्याचा दुसरा अर्थच नव्हता.

बाई खाली बसल्या. त्यांनी ताराबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "व्हय," म्हणाल्या. "मीच म्हणले तसं."

तुम्हाला समजलं नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. तसं म्हणता आलं असतं. चारचौघांना ते पटलंही असतं. घरी आबांनी ताट वाढलं तर त्या भाकरीवर हात ठेवून बसून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आबा, मी आपल्या भाषेत बोलत होते. निदान मला तसं वाटत होतं." आबांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मोठे सर पुण्याहून आले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "वाईट झालं. पण ही हद्दीबाहेरची केस आहे, ती वगळा. आणि कुठं उल्लेख करायचाच झाला तर नातेवाइकांचं अज्ञान असं लिहा."

"अज्ञान त्यांचं नाही, सर. त्यांना त्यांची भाषा बरोबर समजली. एका वाक्यात दोन भाषा मी बोलले."

"साळवे, तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव खराब करताय. उद्या ते लोक केस करतील."

"करू देत. मी तिथंही हेच सांगीन."

"मग हे काम माझ्याबरोबर होणार नाही," सर म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. संध्याकाळी जीप पुण्याला गेली. मशीनही गेलं आणि माझा पगारही गेला. मी हातपाय गाळून बसले, तर बाई म्हणाल्या, "बीपी काय जीपमधून मोजतात? मशीन मी माझं घेईन. तू मात्र दुसरी नोकरी बघ." मी बघितली नाही. घरच्यांशी भांडण्याची मला सवय होती, आणखी थोडं भांडले.

आबांनी आपली सायकल काढून दिली. बाईंना सायकल चालवता येत नव्हती, मला येत होती. मग पुढं मी आणि मागं कॅरिअरवर पेटी कवटाळून बसलेली एम. डी. डॉक्टर, असं आमचं संशोधन भिगवणच्या रस्त्यानं निघायचं. उसाचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून आमची चेष्टा करायचे. बाई त्यांना हात करून थांबवायच्या आणि विचारायच्या, "घरात कुणी पोटुशी हाय का?"

पहिल्यांदा आम्ही गेलो ते ताराबाईंकडं. त्यांनी आम्हाला बघून दार लावून घेतलं. बाई अंगणात उन्हात बसून राहिल्या आणि दुपार कलल्यावर उठल्या. पुढच्या आठवड्यात तेच. तिसऱ्या खेपेला ताराबाईंनी दार उघडलं आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "काय पाहिजे आता?"

"शब्द पाहिजे," बाई म्हणाल्या. "हाय म्हणायचं न्हाय, तर काय म्हणायचं ते तुमी सांगा. वाढलंय म्हणू?"

ताराबाई म्हणाल्या, "वाढलं तर बरंच की. पोट वाढतंय, वजन वाढतंय, त्येला कोण भितंय?"

"पारा चढलाय म्हणू?"

"म्हंजी सासूला वाटंल, सून रागावली."

हे बोलून त्या स्वतःच दचकल्या. पोरगी गेल्यावर त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं हलकं वाक्य असावं. पदर तोंडाला लावून त्या खाली बसल्या आणि मग खूप रडल्या. बाई जवळ गेल्या नाहीत, रडू दिलं. डोळे पुसून ताराबाई म्हणाल्या, "नुसतं चढलंय म्हणा. आमी धरणातली माणसं. पाणी यायचं व्हतं तवा नोटिसा आल्या, सायेब आले, कुणी उठलं न्हाय. मग येके दिवशी शेजारीण वरडली, 'चढलंय गं!' तवा चुलीवरची भाकर चुलीवर ठिवून निघालो. चढलंय म्हणलं की इचारत बसायचं नसतं, निघायचं असतं."

बाईंनी तो शब्द उचलला. "बीपी चढलंय, निघा." एवढंच वाक्य. बाकीचं सगळं बोलणं तसंच ठेवलं, फक्त बीपीच्या जवळ हाय फिरकू द्यायचा नाही. माझ्या तोंडून एकदा चुकून निघाला तर बाईंनी भर ओट्यावर माझ्या डोक्यात टपली मारली. नर्सबाया त्यांना टरकून असायच्या. एकीनं ख्यालीखुशाली म्हणून विचारलं, "बाई, तुमचं बीपी कसं हाय?" तर बाई म्हणाल्या, "आता तुझ्यामुळं चढलंय." पण बाया निघायला लागल्या, हे खरं. भिगवणच्या बाजारातून, उसाच्या फडातून, एकदा तर डोहाळजेवणाच्या पाटावरून हिरवी साडी नेसलेली पोरगी उठवून आणली तिच्या सासूनंच. बाईंनी तिला तपासलं आणि सासूला म्हणाल्या, "तुमच्यासारखी सासू मला मिळाली असती तर मी लग्न केलं असतं."

शब्द दिला त्या दिवशी, आम्ही निघताना, ताराबाईंनी एक गोष्ट विचारली होती. "तुमी समद्या बाया मोजता म्हणं. माझी पोरगी मोजली का?"

"मोजली."

"पुण्याच्या सायबानं काढून टाकली म्हणत्यात."

"त्यांनी काढली. मी न्हाय काढणार."

हे बोलणं बाईंनी जिवाला लावून घेतलं. पुढं पुण्याला डॉक्टरांचा मेळावा भरला. काम बाईंनी केलेलं होतं, त्यामुळं ते मांडायला त्यांनाच बोलावणं भाग होतं. पण अध्यक्षांच्या खुर्चीवर मोठे सर होते. आदल्या दिवशीच निरोप आला होता की हद्दीतलंच वाचा. मी सभागृहात मागच्या रांगेत बसले होते. बाईंनी पहिल्याच वाक्यात माहेरवाशिणींना घेतलं, आणि मग संगीताची गोष्ट सुरू केली. सर म्हणाले, "डॉक्टर, हा भाग आपल्या हद्दीत येत नाही."

"माहेर कुणाच्या हद्दीत येतं, सर?"

सभागृहात कुणीतरी हसलं. सरांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली. बाई वाचत राहिल्या. घंटा वाजत होती आणि बाई वाचत होत्या. मग माइक बंद झाला. आता शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारलेल्या बाईला माइकचं काय कौतुक? त्यांनी शेवटचं वाक्य माझ्यापर्यंत खणखणीत पोचवलं: "या मृत्यूचं कारण डॉक्टरनं वापरलेला शब्द हे आहे, आणि ती डॉक्टर मी आहे." मग कागद गोळा करून, कुणाकडंही न बघता त्या खाली उतरल्या. जिन्यात एक तरुण डॉक्टर धावत आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्या सोलापूरकडंही हाय असंच म्हणतात. तुम्ही काय म्हणता म्हणालात?" बाईंनी त्याला तो शब्द दोनदा म्हणायला लावला.

पुढं ते काम छापून आलं तेव्हा त्यात माहेरवाशिणी नव्हत्या, आणि साळवेबाईंचं नावही नव्हतं. मी संतापले. बाई म्हणाल्या, "बरं झालं. त्यांच्याबरोबरच वगळली मला." आणि पेटी उचलून म्हणाल्या, "सायकल काढ."

दशक संपता संपता बाईंना पोटाचा कॅन्सर झाला. शेवटपर्यंत त्या डॉक्टरांशी भांडत राहिल्या, औषधावरून, पथ्यावरून, खाटेच्या जागेवरून. एकदा मला म्हणाल्या, "माझ्यामागं माझं कौतुक करतील गं. ते होऊ देऊ नकोस, कौतुकात फार गोष्टी बुजवतात." मला तेव्हा ते आजारी माणसाचं बोलणं वाटलं.

त्या गेल्यावर इंदापूरला शोकसभा झाली. सभागृह बायांनी भरून गेलं होतं. कितीतरी जणींच्या कडेवर पोरं होती. आबा पहिल्या रांगेत ताठ बसले होते. बाहेरून आलेले एक मोठे पाहुणे बोलायला उभे राहिले. मॅडम किती नम्र होत्या, किती मितभाषी होत्या, सर्वांना कसं सांभाळून घेत, असं ते सांगू लागले तेव्हा आबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग पाहुणे म्हणाले, "आणि सर्वांत अभिमानाची गोष्ट म्हणजे, मॅडमनी हाती घेतलेल्या गावांत या आजारानं एकही माता दगावली नाही."

टाळ्या पडल्या. मी उठणार होते, पण माझ्या आधी मधल्या रांगेतून ताराबाई उठल्या.

"दगावली," त्या म्हणाल्या.

टाळ्या हळूहळू थांबल्या. पाहुण्यांनी विचारलं, "काय म्हणालात, आजी?"

"येक दगावली. माझी. बाईंनी मोजलीती, भर सभेत मोजलीती. तुमी बी मोजा."

संयोजक लगबगीनं त्यांच्याकडं निघाले, त्यांना खाली बसवायला. आबा उठून वाटेत उभे राहिले. संयोजक जागच्या जागी थबकले. व्यासपीठावर पाहुण्यांनी हातातल्या कागदाकडं पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या ताराबाईंकडं पाहिलं. "एक दगावली," ते म्हणाले. "माझी चूक झाली."

ताराबाई बसल्या नाहीत.

"नाव बी घ्या," त्या म्हणाल्या.

"काय नाव?"

ताराबाईंनी सांगितलं, आणि पाहुण्यांनी माइकजवळ तोंड नेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं, संगीताचं नाव घेतलं.